काखेतील ग्रंथी : किती काढायच्या आणि कशासाठी

तासगाव तालुक्यातील एका ताईंनी आईविषयी विचारले आहे. आईचे वय ५८. डाव्या स्तनात २.३ सेंटिमीटरची गाठ आहे, सुईच्या बायोप्सीत कर्करोग निघाला आहे, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन वाढलेले नाही). काखेच्या सोनोग्राफीत संशयास्पद काही नाही. स्तन राखून गाठ काढता येईल, यावर त्यांनी भेटलेल्या दोन्ही सर्जनांचे एकमत आहे. मतभेद आहे तो काखेबद्दल. एकांचे म्हणणे, काख पूर्ण साफ करून टाकू, तिथल्या सगळ्या ग्रंथी काढू, म्हणजे मागे काही राहायला नको; दुसऱ्यांचे म्हणणे, दोन-तीन ग्रंथी काढून तपासू आणि त्यावरून पुढचे ठरवू. आई द्राक्षबागेत काम करते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर हात सुजण्याची धास्ती वेगळीच. ऐकायचे कोणाचे, असा ताईंचा प्रश्न आहे.

या माहितीवरून माझे मत दुसऱ्या सर्जनांच्या बाजूचे आहे. मिरजेत स्तनाच्या शस्त्रक्रिया करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे, आणि 'सगळे काढून टाका' हा आग्रह बहुतेक वेळा डॉक्टरांपेक्षा घरच्यांचाच असतो. त्यामागे माया असते, पण एक चुकीची समजूतही असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गोंधळ होऊ नये यासाठी स्तनातल्या गाठीला गाठ म्हणेन आणि काखेतल्या लिम्फ नोडना ग्रंथी.

काखेत साधारण २० ते ३० ग्रंथी असतात. स्तनातून निघणारा लसिकाद्रव (लिम्फ हा पाणीदार द्रव) प्रामुख्याने या ग्रंथींकडे वाहतो, त्यामुळे कर्करोगाच्या पेशी गाठीतून सुटल्या तर त्या आधी इथे सापडण्याची शक्यता असते. एके काळी असे मानले जाई की रोग स्तनातून काखेत आणि काखेतून शरीरभर असा टप्प्याटप्प्याने जातो, तेव्हा काख मुळापासून साफ केली तर रोगाची वाटच बंद होईल. अमेरिकी सर्जन हॅल्स्टेड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली मोठी शस्त्रक्रिया याच विचारावर उभी होती आणि पुढे जवळजवळ ७५ वर्षे तीच प्रमाण मानली गेली. या विचाराची खरी परीक्षा १९७१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या बी-०४ या अभ्यासात झाली. ज्यांच्या काखेत हाताला ग्रंथी लागत नव्हत्या अशा स्त्रियांपैकी काहींची काख पूर्ण साफ केली, काहींच्या काखेला किरणोपचार दिले, तर काहींच्या काखेला हातच लावला नाही. साफ केलेल्या गटात सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग सापडला, म्हणजे हात न लावलेल्या गटातही जवळपास तेवढ्यांच्या काखेत रोग असणारच. प्रत्यक्षात त्या संपूर्ण गटातल्या सुमारे १८ टक्के स्त्रियांनाच पुढे काखेत रोग दिसू लागला, आणि तेव्हा काख साफ केली गेली. २५ वर्षांनंतर तिन्ही गटांतल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. काखेतील ग्रंथी रोगाचा स्वभाव सांगतात. त्या काढल्याने तो स्वभाव बदलत नाही. रोग शरीरात इतरत्र सूक्ष्म रूपाने गेला असेल तर त्यावर केमोथेरपी, हार्मोनच्या गोळ्या आणि इतर औषधे काम करतात. म्हणून ज्या काखेत रोग असल्याचे आधी दिसत नाही, तिथली शस्त्रक्रिया ही मुख्यतः माहिती मिळवण्याची शस्त्रक्रिया आहे. उपचार ठरवायला जेवढी माहिती लागते तेवढ्याच ग्रंथी काढायच्या, हा आजच्या उपचारपद्धतीचा पाया आहे.

ती माहिती मोजक्या ग्रंथींतून कशी मिळते? बागायतदाराच्या घरी हे समजावणे सोपे जाते. दारे धरताना पाटाचे पाणी आधी पहिल्या वाफ्यात शिरते आणि तो भरल्यावर पुढच्या. तसाच स्तनातला लसिकाद्रव आधी एक-दोन ठरावीक ग्रंथींत पोहोचतो. यांना सेंटिनल नोड म्हणतात. या ग्रंथी निरोगी निघाल्या तर त्यांच्यापुढच्या ग्रंथींत रोग असण्याची शक्यता फार कमी राहते. स्तनाच्या कर्करोगात डेव्हिड क्रॅग यांनी १९९३ मध्ये किरणोत्सर्गी द्रव्य वापरून आणि आर्मांडो ज्युलियानो यांनी १९९४ मध्ये निळा रंग वापरून ही पद्धत मांडली. त्यानंतर बी-३२ या अभ्यासात ५,६०० हून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. सेंटिनल ग्रंथी निरोगी निघालेल्या स्त्रियांची बाकीची काख साफ केली काय आणि न केली काय, आयुर्मान सारखेच राहिले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय होते तेही सांगतो, कारण घरच्यांना याची कल्पना असली की निम्मी भीती कमी होते. टेक्नेशियम हे सौम्य किरणोत्सर्गी द्रव्य आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी स्तनाग्राभोवती टोचतात. त्याची शक्ती दर ६ तासांनी निम्मी होते, त्यामुळे घरातल्या लहान मुलांना त्यापासून धोका असल्याची भीती बाळगू नये. भूल दिल्यावर त्याच भागात निळा रंग टोचून काही मिनिटे हलका मसाज करतात. मग काखेत लहानसा छेद घेऊन, गॅमा प्रोब या यंत्राचा आवाज जिथे वाढतो तिथे आणि निळी झालेली बारीक वाहिनी जिथे जाते तिथे शोध घेतात. निळ्या झालेल्या किंवा प्रोबला लागलेल्या ग्रंथी काढल्या जातात. सरासरी दोन-तीन निघतात. याशिवाय बोटाने काख चाचपून एखादी टणक ग्रंथी लागली तर ती निळी नसली तरी काढायची असते. हे शेवटचे पाऊल यंत्राच्या भरवशावर राहून गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. रोगाने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत द्रव शिरतच नाही, त्यामुळे नेमकी तीच ग्रंथी रंग न घेता मागे राहू शकते.

टेक्नेशियमसाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग लागतो आणि तो सगळीकडे नसतो. म्हणून आपल्या भागात अनेक ठिकाणी केवळ मिथिलीन ब्लू वापरतात. तो स्वस्त आहे, सहज मिळतो आणि सरावलेल्या हातात बऱ्यापैकी चांगले काम करतो. तरीही एका रंगापेक्षा दोन खुणा एकत्र वापरल्या तर ग्रंथी सापडण्याची खात्री वाढते. काही केंद्रांत इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य आणि ते टिपणारा कॅमेरा वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, यांपैकी कोणतीही साधने नसतील तर काय, या प्रश्नावर मोलाचे काम झाले आहे. काखेच्या खालच्या भागातील चरबी तिथल्या ग्रंथींसह एका ठरावीक मर्यादेपर्यंत काढून तपासण्याची त्यांची पद्धत सेंटिनल तपासणीच्या जवळपास विश्वासार्ह ठरली आहे. तेव्हा 'आमच्याकडे यंत्र नाही, म्हणून पूर्ण काख काढावीच लागेल' हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

मिथिलीन ब्लूबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. आईंना नैराश्याची गोळी चालू असेल तर ती सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, कारण त्यांतल्या काही औषधांबरोबर हा रंग घातक ठरू शकतो. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस लघवी निळसर-हिरवी होते आणि स्तनाच्या त्वचेवर निळी छटा काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ राहते. त्याने घाबरू नये.

आता सोनोग्राफीविषयी. 'संशयास्पद काही नाही' हे शब्द रिपोर्टमध्ये कोणत्या आधारावर लिहिले आहेत ते पाहा. ग्रंथीच्या बाहेरच्या थराची जाडी, आतला चरबीचा भाग शाबूत आहे का, आकार लांबट आहे की गोल, याचा उल्लेख असेल तर तपासणी काळजीपूर्वक झाली आहे असे समजावे. थर ३ मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा आतला चरबीचा भाग नाहीसा झाला असेल, तर सोनोग्राफीखाली सुई घालून त्या ग्रंथीतील पेशी तपासतात. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शेतात राबणाऱ्या बाईच्या हाताला काटा लागणे, कात्री लागणे रोजचेच. त्या जखमेने काखेत अवधाण येते. क्षयरोगानेही ग्रंथी वाढतात. केवळ ग्रंथी मोठी दिसते म्हणून ती कर्करोगाची धरून काख साफ करणे योग्य नाही. आधी सुईने पुरावा हवा. पेट स्कॅनबद्दलही विचारले जाते. ग्रंथीतला अगदी लहान रोग पेट स्कॅनमध्ये दिसत नाही, म्हणून तो स्कॅन सेंटिनल तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

समजा सेंटिनल ग्रंथीत कर्करोग सापडला, तर पुढे काय? घरच्यांचा कस इथेच लागतो. पॅथॉलॉजिस्ट ग्रंथीतला रोग मोजतात. ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या सुट्या पेशी असतील तर ग्रंथी रोगमुक्तच धरली जाते. ०.२ ते २ मिलिमीटर म्हणजे सूक्ष्म प्रसार. त्यासाठीही काख साफ करण्याची गरज नसते. २ मिलिमीटरच्या वर रोग असेल तर पूर्वी पूर्ण काख साफ करणे अटळ मानले जाई. झेड-००११ या अमेरिकी अभ्यासाने ते बदलले. गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, स्तन राखून शस्त्रक्रिया, एक किंवा दोन सेंटिनल ग्रंथींत रोग, आणि नंतर पूर्ण स्तनाला किरणोपचार, अशा ८९१ स्त्रियांपैकी निम्म्यांची काख साफ केली आणि निम्म्यांची केली नाही. १० वर्षांनंतर काख साफ केलेल्या गटात ८३.६ टक्के आणि न केलेल्या गटात ८६.३ टक्के स्त्रिया हयात होत्या. युरोपातील अमारोस अभ्यासात सेंटिनल ग्रंथीत रोग असलेल्या स्त्रियांना काख साफ करण्याऐवजी काखेला किरणोपचार दिले. दोन्ही गटांत काखेत रोग परत येण्याचे प्रमाण ५ वर्षांत दीड टक्क्याहूनही कमी राहिले, पण हात सुजण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात २३ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात ११ टक्के होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेनोमॅक अभ्यासात स्तन पूर्ण काढलेल्या स्त्रियाही होत्या आणि तिथेही एक-दोन ग्रंथींतल्या रोगासाठी पूर्ण काख साफ करण्याचा फायदा दिसला नाही. मात्र त्यांतल्या बहुतेकींना काखेच्या भागालाही किरणोपचार मिळाले होते.

यावरून ताईंच्या आईच्या बाबतीत एक गोष्ट निघते. शस्त्रक्रिया चालू असतानाच ग्रंथी गोठवून तपासण्याची सोय, म्हणजे फ्रोझन सेक्शन, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. स्तन राखला जाणार आहे आणि किरणोपचार होणारच आहेत. अशा वेळी एक-दोन ग्रंथींत रोग निघाला तरी त्याच टेबलवर पूर्ण काख साफ करायची नसते. ग्रंथींच्या नेहमीच्या तपासणीचा अंतिम रिपोर्ट सुमारे आठवड्याभरात येतो आणि तो अधिक नेमका असतो. तीन किंवा अधिक ग्रंथींत रोग निघाला, तर पुढची शस्त्रक्रिया की किरणोपचार हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो आणि दुसऱ्यांदा भूल देण्याची वेळ येऊ शकते, हे आधीच मनाशी धरून ठेवावे.

मात्र या सगळ्याला एक अट आहे, आणि ती मी प्रत्येक घरात आग्रहाने सांगतो. पूर्ण काख न काढण्याचा निर्णय सुरक्षित आहे तो किरणोपचार आणि औषधे पूर्ण होतात म्हणून. आज बहुतेक ठिकाणी पूर्ण स्तनाचा शेक, म्हणजे किरणोपचार, १५ किंवा १६ बैठकांत, साधारण तीन आठवड्यांत होतो, आणि आठवड्यातून पाच दिवस यावे लागते. आपल्याकडे ऑक्टोबरची फळछाटणी किंवा एप्रिलची खरडछाटणी आली की बाई घरी राहते, चार बैठका चुकतात आणि मग येणेच बंद होते. हार्मोनच्या गोळ्याही किमान ५ वर्षे घ्यायच्या असतात. वर्षभराने बरे वाटू लागले की त्या बंद केल्या जातात. आई शेक घ्यायला येऊ शकणार नाहीत अशी परिस्थिती असेल, तर ती सर्जनना शस्त्रक्रियेआधी सांगा, कारण तिने संपूर्ण बेत बदलू शकतो. सांगली आणि तासगावच्या अंतरात हे तीन आठवडे पार पडणे अशक्य नाही. कोण घेऊन येणार, तेवढे घरात आधी ठरवावे.

ग्रंथींच्या रिपोर्टचा पुढच्या उपचारांवर नेमका काय परिणाम होतो, हेही ताईंनी जाणून घ्यावे. ग्रंथी निरोगी असतील आणि गाठीची ग्रेड, म्हणजे पेशींचा आक्रमकपणा, कमी असेल, तर ५८ व्या वर्षी, हार्मोन पॉझिटिव्ह रोगात, केमो टळण्याची चांगली शक्यता असते. एक ते तीन ग्रंथींत रोग असला तरी पाळी थांबलेल्या अनेक स्त्रियांना केमोचा जास्तीचा फायदा होत नाही, हे गाठीच्या जनुकीय चाचणीच्या आधारे झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. ती चाचणी महाग आहे, पण केमोचा खर्च आणि त्रास टळत असेल तर तिचा विचार जरूर व्हावा. चार किंवा अधिक ग्रंथी बाधित असतील तर काखेच्या वरच्या व गळपट्टीच्या हाडाजवळच्या भागाला किरणोपचार, केमो आणि काही वेळा हार्मोनच्या गोळीसोबत अ‍ॅबेमासिक्लिबसारखे औषध, असा उपचार वाढत जातो. दोन ग्रंथींचे उत्तर इतके काही ठरवत असते, म्हणून ते उत्तर नीट मिळायला हवे, पण त्यासाठी वीस ग्रंथी काढण्याचे कारण नाही.

मग सेंटिनल तपासणीसुद्धा टाळता येईल का? काही स्त्रियांत येते. साउंड या इटलीतून सुरू झालेल्या अभ्यासात २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत निरोगी काख असलेल्या स्त्रियांत ग्रंथी न तपासताही परिणाम तितकेच चांगले राहिले. २०२५ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५० वर्षांवरील, पाळी थांबलेल्या, २ सेंटिमीटरपर्यंतच्या, ग्रेड १ किंवा २ च्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह गाठीच्या स्त्रियांना तसा पर्याय देण्याची शिफारस केली. ताईंच्या आईची गाठ २.३ सेंटिमीटरची आहे. फरक थोडासाच, तरी मी इथे सेंटिनल तपासणी करावी याच मताचा आहे, कारण केमो द्यावी की नाही हा निर्णय तिच्यावर अवलंबून राहील.

ज्या घरात गाठ मोठी आहे किंवा काखेत रोग सुईने सिद्ध झालेला आहे, तिथे वरची चर्चा जशीच्या तशी लागू होत नाही. अशा वेळी अनेकदा केमो आधी देतात. ती सुरू होण्यापूर्वी बाधित ग्रंथीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्यावी, कारण केमोने ग्रंथी बरी झाली की नेमकी कोणती बाधित होती ते नंतर ओळखता येत नाही. सगळा स्तन लाल व सुजलेला असणाऱ्या दाहक प्रकारच्या कर्करोगात सेंटिनल पद्धत वापरत नाहीत. तिथे पूर्ण काख काढणे हेच योग्य.

आता हाताबद्दल. पूर्ण काख साफ केल्यावर दर १०० स्त्रियांमागे सुमारे २० जणींना हाताची सूज येते. केवळ सेंटिनल तपासणीनंतर ५-६ जणींना. खांदा आखडणे आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे हेही पूर्ण काख साफ केल्यावरच जास्त दिसते. ही सूज एकदा मुरली की ती आटोक्यात ठेवता येते, पण पुरती जात नाही, आणि ज्या बाईचे काम हातावर आहे तिचे रोजचे जगणे त्यात अडकते. म्हणूनच 'काळजी नको म्हणून सगळे काढू' हा हिशेब मला पटत नाही; एक काळजी मिटवताना दुसरी आयुष्यभराची पदरात पडते, आणि पहिलीही त्याने मिटत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय आहे का, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेला मंजुरी कशी घ्यायची, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) आधी समजून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. मंजुरीत किंवा दुसरे मत घेण्यात दोन-तीन आठवडे गेले तरी त्याने आईंचे नुकसान होणार नाही. घाईने चुकीची शस्त्रक्रिया होण्यापेक्षा ते परवडते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना थेट विचारा की ते सेंटिनल ग्रंथी कशाने शोधतात, आणि त्या सापडल्या नाहीत तर काय करतात. नियमित हे काम करणारे डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे खांदा हलवायला सुरुवात करावी. हात जपायचा म्हणून गळ्यात बांधून ठेवणे नुकसानकारक आहे. जखम भरल्यावर आईंना बागेतले काम हळूहळू पुन्हा करता येईल; व्यायामाने किंवा कष्टाने सूज येते हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. संसर्गाची मात्र काळजी घ्यावी. छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाताना त्या हातात जाड हातमोजा असावा, ओरखडा आला तर साबण-पाण्याने धुऊन औषध लावावे, वजन आटोक्यात ठेवावे. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप भरला, तर छाटणी अर्धवट राहिली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन अँटिबायोटिक सुरू करावे.